जेठीमावशीच्या झाडावरच्या कोंबड्या

कोंबड्यांविषयी मला जे काही कळतं त्यातलं निम्मं मी परीक्षेसाठी शिकलो आणि निम्मं जेठीमावशीकडून. परीक्षेसाठी शिकलेलं आता फारसं आठवत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी गुराढोरांच्या दवाखान्यात काढली. तिथे माझं पद वेगळंच होतं, पण पदाचं नाव लांबलचक असल्यामुळे ते कोणी उच्चारलं नाही. खांडबाऱ्यापासून विसरवाडीपर्यंतच्या सगळ्या पाड्यांवर मी 'डाक्टर'च होतो, आणि खरं सांगायचं तर मीही कधी ते दुरुस्त केलं नाही.

जेठीमावशीची पहिली भेट जनावरांच्या गणतीत झाली. हातात वही, खिशात दोन पेनं आणि डोक्यावर ऊन घेऊन मी तिच्या अंगणात उभा होतो. अंगण शेणानं सारवलेलं, कडेला तुरीच्या काड्यांचा ढीग आणि मधोमध एक भलंमोठं मोहाचं झाड. झाडाखाली एक ठेंगणी, काटक बाई नाचणी पाखडत बसली होती. गाय एक, शेळ्या तीन असं लिहून झालं आणि मी विचारलं, "मावशी, कोंबड्या कितल्या शेत?"

"त्या कामले गयात," ती मान वर न करता म्हणाली. "सांजले ये, मंग मोज."

मला वाटलं, ही थट्टा करते आहे. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टेचं नाव नव्हतं. कोंबड्या खरोखरच कामाला गेल्या होत्या, कोणी ओढ्याकाठी, कोणी भाताच्या बांधावर, कोणी गोठ्यामागच्या उकिरड्यात. मी वहीत 'अंदाजे वीस' लिहिलं आणि निघालो. संध्याकाळी परत येणं माझ्या नोकरीत बसत नव्हतं. आमची नोकरी दहा ते सहा, आणि ती मी फार इमानानं करत असे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

ती घरात मावची बोलायची. माझ्याशी अहिराणी, कारण मी धुळ्याकडचा आणि तीच माझ्या घरची बोली. मधूनच एखादा गुजराती शब्द टाकायची, कारण तरुणपणी ऊसतोडीला तिकडे जायची. 'तुम्ही' हा शब्द तिच्याकडे नव्हता. मला तू, सरपंचाला तू, कोंबड्यालाही तू. त्यातल्या त्यात कोंबड्याशी ती जरा अदबीनं बोलायची.

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की मावशीची सगळी चाल बदलायची. एरवी खणखणीत बोलणारी बाई अंगणात दबक्या आवाजात वावरायची. टोपलीत राख, राखेवर भाताचा पेंढा, पेंढ्यात एक कोळसा आणि एक गंजका खिळा. ढग गडगडले तर अंडी बिघडू नयेत म्हणून तो खिळा. मी एकदा शहाणपणा केला, म्हटलं, मावशी, खिळ्यानं काही होत नाही. ती म्हणाली, "नही व्हत ते नही व्हत. तुले काय टोचस का?" पिल्लं निघायच्या आदल्या दिवशी ती परातीत कोमट पाणी घेऊन एकेक अंडं त्यात सोडायची. आत जीव असलेलं अंडं पाण्यावर हलकेच डुलतं. डुललं की ती स्वतःशीच हसायची आणि ते पदराला पुसून परत कोंबडीच्या पोटाखाली सारायची. त्या वेळी तिच्याशी बोललेलं तिला ऐकू जात नसे.

मग सरकारी योजना आली आणि तिच्याबरोबर सुधारित कोंबड्या. मोकळ्यावर कोणती जात तगते हे बघायचं होतं. पाड्यावर सर्वात चांगली कोंबड्या सांभाळणारी कोण, असं विचारलं तर सगळ्यांनी मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं. म्हणून बल्बखाली वाढवलेली, लस टोचलेली तीन प्रकारची पिल्लं मी तिच्या पदरात घातली. काही पांढरीशुभ्र, भरपूर अंडी देणारी. काही रंगीत आणि वजनदार. आणि थोडी कडकनाथ, चोचीपासून नखांपर्यंत काळी. मी कागदावर बघून प्रत्येकीचे गुण वाचून दाखवले. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बरं. त्यासले बी इचारू."

आणि तिनं खरंच त्यांना विचारलं. विचारलं म्हणजे रोज बघत बसली. पंधरा दिवसांनी मी गेलो तर पांढऱ्यांपैकी निम्म्या गायब. घारीनं नेल्या होत्या. हिरव्या बांधावर पांढरे ठिपके आभाळातून काय छान दिसत असतील! शिवाय घार आली की गावठी कोंबडी घशात एक लांब आवाज काढते आणि तिची पिल्लं जिथे असतील तिथे गवतात चिकटतात. पांढऱ्या मात्र तो आवाज ऐकून माना उंच करून बघायच्या, कोण बोलावतंय म्हणून. महिन्याभरात उरलेल्याही गेल्या.

वजनदार रंगीत होत्या त्यांचं दुसरंच. त्यांना घारीचं भय कमी, कारण त्या अंगणाबाहेर जायच्याच नाहीत. सकाळ-संध्याकाळ दारात. "हाई ते जवाई शे, जवाई," मावशी म्हणायची. "दारमा बठस नि ताटनी वाट देखस." पायाखालची वाळवी सोडून त्या तिच्या हाताकडे बघत बसायच्या. कडकनाथची मात्र तिला आवड बसली. पहिले आठ दिवस त्या घाबरून तुरीच्या काड्यांत लपल्या. मग गावठींच्या मागे मागे ओढ्यापर्यंत जायला लागल्या आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या दोघी संध्याकाळी झाडावर चढल्या. ते सांगताना मावशीच्या तोंडावर अशी टवटवी होती, जणू तिचंच पोर पहिल्या नंबरानं पास झालं असावं. तिच्या लेखी कोंबडीची एकच परीक्षा होती, सांजेला ती झाडावर चढते की नाही. खुराड्यात मुंगूस शिरतं, रानमांजर शिरतं. झाड पोटात घेतं, एवढंच ती सांगायची.

मी वहीत लिहिलं, पांढरी जात मोकळ्यावर अयोग्य, वजनदार जात आळशी. ते तिला वाचून दाखवलं तर तिला राग आला. तिचा राग मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

"अयोग्य काबर? त्यासले माय नव्हती ना, डाक्टर. घार काय ऱ्हास, कोन सांगी त्यासले? तुन्हा बलब सांगी का?"

मी वही मिटली. वजनदार कोंबड्या अंडी द्यायच्या पण बसायच्या नाहीत, म्हणून पुढच्या खेपेला तिनं त्यांची अंडी आपल्या टिपकीच्या पोटाखाली ठेवली. टिपकी म्हणजे तिची सर्वात जुनी, पिसापिसावर ठिपके असलेली तांबूस कोंबडी. ती पिल्लं टिपकीमागे फिरली, तिच्या आवाजाला गवतात चिकटायला शिकली आणि वजन घेऊनही बांधावर पोट भरायला लागली. घारीला त्यांतलं एकच मिळालं. झाडावर मात्र त्यांना चढता येईना. ती खालच्या फांदीकडे बघत उभी राहायची आणि मावशी त्यांना उचलून वर ठेवायची. मी वहीतला 'अयोग्य' खोडला. त्या जागी काय लिहावं ते मात्र मला सुचलं नाही.

टिपकीचं कूळ मोठं होतं. पाड्यावरची कुठलीही मुलगी लग्न होऊन निघाली की मावशी डालग्यात एक तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, घालून तिच्याबरोबर द्यायची. त्या बदल्यात काही नको. फक्त पहिली पिल्लं निघाली की त्यातली एक मादी होळीच्या आत परत आणून द्यायची. माहेरी यायला मुलीला तेवढंच निमित्त. मी एकदा विचारलं की भांडं का देत नाहीस, कोंबडीच का?

"तठे पोरले कोनी वळखत नही," ती म्हणाली. "वळखनी एक तरी पाहिजे ना घरमा."

तिची स्वतःची लेक सुमन खांडबाऱ्याला दिलेली. तिच्या घरी, तिच्या शेजारी, विसरवाडीच्या बाजूला, चिंचपाड्याकडे, कुठे कुठे टिपकीच्या लेकी-नाती नांदत होत्या. मावशीला त्या सगळ्या घरागणिक पाठ. मला माझ्या चुलत भावंडांची मुलं आठवत नाहीत.

आता लाजेची गोष्ट. मानमोडीची लस घेऊन मी पाड्यावर गेलो तो सकाळी अकराला. लस बर्फात ठेवावी लागते, बर्फ टिकत नाही, म्हणून लवकर उरकायची घाई. योजनेच्या कोंबड्या दारातच होत्या. कडकनाथही दाण्याच्या लोभानं जवळ आल्या. त्यांना दुसऱ्यांदा टोचून झालं. टिपकी आणि तिचं गोत मात्र कामाला गेलेलं. मावशी म्हणाली, "दुपारले आठे कोनी घर नही ऱ्हास, ना मानूस ना कोंबडी. सांजले ये. झाडवर चढाना पहिले एक एक धरी देसू तुले."

मी येतो म्हणालो. गेलो नाही. मुख्य कारण एवढंच की सहानंतर माझी नोकरी संपायची. पुढच्या आठवड्यात जाऊ, मग त्याच्या पुढच्या. अशी चालढकल करायला फार वाईट माणूस असावं लागत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तीच मानमोडी, म्हणजे मर, आली. कुठून आली कोण सांगणार, दरवर्षी कुठून तरी येतेच. पंख गळायचे, हिरवट शीट व्हायची, मान पिळवटायची आणि खेळ खलास. मर आली की आमच्या भागातले लोक एक गोष्ट करतात, आणि ती मायेनं करतात. ज्या कोंबड्या अजून बऱ्या आहेत त्या टोपलीत घालून पाहुण्यांकडे पोचवतात. निदान तेवढ्या तरी वाचतील म्हणून. आणि त्या टोपलीतूनच मर पाहुण्यांच्या अंगणात उतरते.

मी मोटारसायकलवरून पाड्याकडे येत होतो तर फाट्यावर मावशी उभी. पायाशी दोन डालगी. खांडबाऱ्याच्या जीपची वाट बघत होती. एका डालग्यात टिपकी, दुसऱ्यात तिच्या चार तलंगा. रात्रीतून सात मेल्या होत्या.

"मावशी, ह्या नको ली जाऊ," मी म्हणालो.

"ह्या बऱ्या शेत. देख."

"आज बऱ्या दिसतस. दोन दिनमा ह्या बी माना टाकतीन. आन् सुमनना घरन्या बी जातीन. तिन्हा शेजारन्या बी. त्या बी तुन्ह्याच शेत ना?"

ती डालग्याकडे बघत राहिली. टिपकी आतून बांबूच्या फटीला चोच लावून बघत होती. तिचे डोळे लख्ख होते. मलाच आतून वाटत होतं की ही वाचेल, हिला जाऊ द्यावं. जीप आली, थांबली. ड्रायव्हरनं "चढ ना, माय," म्हणून हाक मारली.

"तुले पक्कं माहीत शे?" तिनं मला विचारलं.

"हो."

"मंग तू त्या दिन सांजले काबर नही उना?"

का आलो नाही? सहा वाजले होते म्हणून, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. जीप निघून गेली. मावशीनं एक डालगं डोक्यावर घेतलं, दुसरं कमरेवर, आणि घराकडे चालायला लागली. मी डालगं मागितलं तर दिलं नाही. मोटारसायकल ढकलत मी तिच्या मागून गेलो. चालवत जाण्याची मला हिंमत झाली नाही.

सहा दिवसांत सगळं आटोपलं. त्या सहा दिवसांत तिनं आपल्या अंगणातून एक पीसही बाहेर जाऊ दिलं नाही. बाकीच्या घरांतून टोपल्या गेल्या होत्या, आणि ज्या दोन गावांत गेल्या त्या दोन्ही गावांत मर पोचल्याचं आम्हाला नंतर कळलं. मावशीची टोपली कुठेच गेली नाही. टिपकी सर्वात शेवटी गेली, तिच्या मांडीवर. मी चुना आणला आणि खड्डा स्वतः खणला. आयुष्यात पहिल्यांदाच मी सहानंतर काम केलं. ती जवळ उभी होती. मला रडू येत होतं. ते तिच्यासमोर यायला नको, म्हणून मी खड्डा गरजेपेक्षा खोल खणला.

उरल्या त्या टोचलेल्या, दारातल्या जावई-कोंबड्या आणि झाडावरच्या काळ्या. संध्याकाळी एवढ्या मोठ्या झाडावर दोनच पक्षी. पण मावशीनं जावयांना उपाशी ठेवलं नाही. ती त्यांना दाणे टाकायची, फक्त त्यांच्याशी बोलायची नाही.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी पंधरा दिवस सुमन आली. काखेत दोन तलंगा. तिच्या मागे तिची शेजारीण, मग विसरवाडीकडून एक, मग आणखी तिघी. कोणी पिशवीतून फक्त डोकं बाहेर काढलेली, कोणी टोपलीत. निरोप कोणी कोणाला दिला ते मला माहीत नाही. सगळं काही गोडच झालं असं मात्र नाही. एकीनं आपली कोंबडी पाहुण्यांना कापली होती, ती रिकाम्या हातानं आली आणि ओसरीवर रडत बसली. एकीनं आणलेली तलंग पिवळ्या जाड पायांची निघाली, तिच्या आईला कुठला तरी सुधारित कोंबडा भेटला असणार. मावशीनं कोणालाच परत पाठवलं नाही. सगळ्यांना अंगणात सोडलं आणि म्हणाली, "सांजले देखू."

मी त्या दिवशी बर्फाची पेटी घेऊन दुपारी चारलाच जाऊन बसलो होतो. सूर्य टेकला तसं मावशी एकेक धरून देत गेली आणि मी टोचत गेलो. टोचून सोडलेली तलंग अंग झटकायची, झाडाभोवती एक फेरी मारायची, मान वाकडी करून वर बघायची आणि झेप घ्यायची. पाच चढल्या. पिवळ्या पायांची खालीच राहिली, तर मावशीनं तिला उचलून फांदीवर ठेवलं. मग किती तरी वेळ आम्ही दोघं खाली उभे राहून वर बघत होतो. अंधार पडल्यावर तिनं मला चहा दिला. खड्ड्याच्या दिवसापासून तिनं मला चहा विचारला नव्हता. तेव्हापासून माझी लस संध्याकाळचीच झाली.

मी निवृत्त झालो तेव्हा ती फाट्यापर्यंत पोचवायला आली. डोक्यावर डालगं, डालग्यात एक ठिपक्यांची तलंग. मी नको म्हणालो, नंदुरबारला माझं घर कॉलनीत, अंगण हातभर. तिनं ऐकलं नाही. कंडक्टर कोंबडीचं तिकीट काढा म्हणून अडून बसला, तर त्याला म्हणाली, "हाई सासरले चालनी. नवरीनं तिकीट मागस का तू?" बस हसली, कंडक्टरही हसला, तिकीट मात्र त्यानं फाडलंच. खिडकीतून तिनं मला बजावलं, "पिल्ली आनजो."

नंदुरबारला कोंबडीनं माझी पुरती शोभा केली. शेजाऱ्यांच्या स्लॅबवर उड्या मारल्या, बायकोची मेथी उकरली, आणि संध्याकाळी पेरूच्या एकुलत्या एका झाडावर जाऊन बसली. वर्षभरानं खुडूक झाली ती जिन्याखालच्या माझ्या जुन्या थर्मोकोलच्या लसपेटीत. मागच्या गल्लीत कोंबडा होता, तिथूनच अंडी मागून आणली आणि तिच्या दोन अंड्यांत मिसळली. कोळसा ठेवला. कोणी बघत नाही असं पाहून एक गंजका खिळाही ठेवला. तिच्या दोन अंड्यांतून एक मादी निघाली.

ती मोठी झाल्यावर मी तिला पिशवीत घालून पाड्यावर गेलो. मावशीची नजर तोवर गेली होती. काचबिंदू, दाखवायला फार उशीर झाला होता. मोहाच्या बुंध्याला टेकून बसली होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, "आनी का?"

मी तलंग तिच्या हातात दिली. तिनं तिचा तुरा चाचपला, छातीचं हाड दाबून पाहिलं, पायाची नळी बोटांनी मोजली, आणि पिसांत नाक खुपसून वास घेतला.

"शहरनी शे हाई," ती म्हणाली. "सांजले देखू."

तो दुपारपासूनचा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. परीक्षेच्या निकालालाही मी एवढा घाबरलो नव्हतो. या पोरीनं एक पेरू सोडला तर झाड पाहिलं नव्हतं. ऊन उतरलं तशा सगळ्या कोंबड्या कामावरून परतल्या आणि फडफड करत वर गेल्या. माझी तलंग अंगणातच. तिनं ओसरी पाहिली, डालगं पाहिलं, लाकडांच्या ढिगावर चढून उतरली. मग झाडाखाली आली. वर पाहिलं. उडी मारली आणि बुंध्याला घसटून खाली पडली.

"पडनी," मावशी म्हणाली.

तलंग थोडी मागे गेली. पुन्हा फडफड झाली, या खेपेला लांब.

"चढनी का?"

"चढली, मावशी."

"कोनती फांदी?"

"सगळ्यात खालची."

"ऱ्हाऊ दे. उद्या वर जाई."

फाट्यावरून जीपचा हॉर्न ऐकू आला. ती शेवटची जीप होती. मी येतो म्हणालो तर तिनं चाचपडत माझं मनगट धरलं, कोंबडी धरायची तसं, घट्ट पण दुखणार नाही असं. "आज सांजले उना ना तू," ती म्हणाली. "मंग फिटनं."

मी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला. त्या पावसाळ्यात ती गेली, सुमनचा फोन आला तेव्हा कळलं. मला ती दिसते ती मात्र त्या संध्याकाळचीच. फाट्याकडे वळताना मी मागे पाहिलं तेव्हा ती उठून उभी राहिली होती. एक हात बुंध्यावर, तोंड वर, आणि खालच्या फांदीवरची नवी कोंबडी नीट बसली का ते कान देऊन ऐकत होती.